बर्फाळ धावपट्टी आणि उरलेल्या अंतराचा हिशोब

हिमवर्षाव सुरू असताना उतरणारे किंवा उड्डाणासाठी धावणारे विमान धावपट्टी संपेपर्यंत थांबू शकले नाही आणि तिच्या टोकापलीकडे निघून गेले, तर त्या अपघाताला विमानवाहतुकीच्या परिभाषेत ‘रनवे ओव्हररन’ म्हणतात. अशा अपघाताची बातमी आली की कारण उघड वाटते : बर्फावरून विमान घसरले. चौकशी अहवाल मात्र सहसा एवढ्यावर थांबत नाहीत. बर्फ आहे हे बहुतेक वेळा वैमानिकाला, नियंत्रण कक्षाला आणि विमानतळालाही ठाऊक असते. चूक होते ती धावपट्टी पुरेल की नाही या हिशोबात. हिशोबात गृहीत काय धरले होते, ते वैमानिकाला माहीत होते का आणि अंदाज चुकल्यास हाताशी किती अंतर उरत होते, या तीन प्रश्नांभोवती गेल्या अर्धशतकातील सुधारणा फिरत राहिल्या आहेत.

विमान थांबते कसे?

जमिनीला टेकलेल्या विमानाला थांबवणारी साधने तीन. चाकांचे ब्रेक हे पहिले. पंखांच्या पृष्ठभागावर उघडणाऱ्या झडपा, म्हणजे स्पॉयलर, हे दुसरे. त्या पंखांची उचल नाहीशी करतात, त्यामुळे विमानाचे वजन चाकांवर येते आणि ब्रेक लागू पडतात. इंजिनाचा झोत पुढच्या दिशेने वळवून मिळणारा उलटा रेटा, म्हणजे रिव्हर्स थ्रस्ट, हे तिसरे साधन.

कोरड्या धावपट्टीवर थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा चाकांचे ब्रेक उचलतात. त्यांची ताकद मात्र टायर आणि पृष्ठभाग यांच्यातील घर्षणापलीकडे जाऊ शकत नाही. पृष्ठभागावर बर्फ असेल तर हे घर्षण कोरड्या धावपट्टीच्या तुलनेत कित्येक पटींनी घटते, आणि बर्फ वितळू लागून त्यावर पाण्याचा थर आला तर जवळजवळ नाहीसेच होते. चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेले घर्षण पुरेपूर वापरते. नसलेले घर्षण ती निर्माण करू शकत नाही. उलटा रेटा चाकांवर अवलंबून नसतो. त्यामुळे धावपट्टी जितकी निसरडी, तितके त्याचे सापेक्ष महत्त्व वाढते.

दुसरी बाब वेगाची. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, विमानाचा हवेच्या संदर्भातील वेग १२५ नॉट आहे आणि पाठीमागून ८ नॉटचा वारा वाहतो आहे. अशा वेळी जमिनीच्या संदर्भात विमान १३३ नॉट वेगाने टेकते आणि ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरण्याची रीत आहे.

विमान निर्माते उतरण्याचे अंतर प्रत्यक्ष चाचणीने ठरवतात ते कोरड्या धावपट्टीवर. प्रवासी जेट विमान मूळ ठिकाणाहून सुटताना, गंतव्य विमानतळाच्या उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत ते थांबू शकेल, असा हिशोब अमेरिकी नियमांनुसार जुळावा लागतो. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असल्यास आणखी १५ टक्के लांबी धरावी लागते. परंतु हा हिशोब निघण्यापूर्वीचा. गंतव्यस्थानी पोहोचेपर्यंत हवामान बदलले, तर त्या क्षणी नव्याने किती राखीव अंतर ठेवावे, याविषयी तेथे २००५ पर्यंत बंधनकारक नियम नव्हता. त्या वर्षीच्या शिकागोतील अपघाताचे मूळ बऱ्याच अंशी या उणिवेत होते.

म्युनिक, १९५८ : दोष कोणाचा?

बर्फामुळे धावपट्टी ओलांडण्याचा सर्वांत परिचित अपघात उतरतानाचा नव्हे, तर उड्डाणाच्या वेळचा आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे एअरस्पीड ॲम्बॅसडर विमान इंधन भरण्यासाठी म्युनिकच्या रीम विमानतळावर थांबले होते. बेलग्रेडमधील सामना आटोपून परतणारा मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ त्यात होता. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. तिसऱ्या प्रयत्नात वेग ११७ नॉटपर्यंत पोहोचला आणि मग वाढण्याऐवजी १०५ नॉटपर्यंत उतरला. विमान हवेत न उठता धावपट्टीपलीकडे गेले आणि कुंपण तोडून एका घरावर आदळले. विमानातील ४४ जणांपैकी २३ जणांचा अंत झाला. त्यात संघाचे ८ खेळाडू होते.

जर्मन चौकशीने पंखांवर साचलेल्या बर्फाला कारण ठरवले आणि दोष कॅप्टन जेम्स थेन यांच्यावर ठेवला. धावपट्टीच्या शेवटच्या भागात साचलेल्या स्लशकडे, म्हणजे पाणी मिसळलेल्या चिखलासारख्या बर्फाकडे, तेव्हा पुरेसे लक्ष गेले नव्हते. असा थर चाकांना पाठीमागे खेचून धरतो आणि विमानाला उड्डाणाचा वेग गाठू देत नाही. पुढील वर्षांत यावर प्रयोग झाले. थेन यांनी आपली बाजू सोडली नाही. अखेर १९६०च्या दशकाच्या शेवटी झालेल्या ब्रिटिश चौकशीने स्लश हेच कारण मानून त्यांना दोषमुक्त केले. धावपट्टीची अवस्था नीट मोजली आणि नोंदवली गेली नाही, तर अपघाताचा भार चुकीच्या माणसाच्या माथी बसू शकतो, हा म्युनिकचा धडा होता.

बोस्टन, १९८२ : अपुरी माहिती

२३ जानेवारी १९८२ रोजी वर्ल्ड एअरवेजचे डीसी-१० विमान नेवार्कहून बोस्टनच्या लोगन विमानतळावर रात्री उतरले. धावपट्टीवर बर्फाचा थर होता. विमान नेहमीच्या जागेपेक्षा बरेच पुढे टेकले, थांबले नाही आणि धावपट्टी ओलांडून बंदराच्या उथळ पाण्यात शिरले. त्याचा पुढचा भाग तुटून वेगळा झाला. विमानात २१२ जण होते. त्यांपैकी दोन प्रवासी बेपत्ता झाले आणि त्यांना मृत मानण्यात आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढलेला निष्कर्ष लक्षणीय आहे. धावपट्टीची अवस्था विमानाच्या थांबण्याच्या क्षमतेपलीकडची होती आणि ती कळण्याइतकी माहिती वैमानिकाला मिळालेली नव्हती. धावपट्टी किती निसरडी आहे हे मोजून कसे कळवावे, याचे पुरेसे मार्गदर्शन विमानतळांना नियमांतून मिळत नव्हते. आधी उतरलेल्या वैमानिकाने ‘ब्रेक बरे लागतात’ किंवा ‘नीट लागत नाहीत’ असे सांगणे, एवढ्यावरच बरीच भिस्त होती. असा अभिप्राय विमानाच्या वजनावर, वेगावर आणि सांगणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतो. शिवाय पडत्या बर्फात दहा मिनिटांपूर्वीचा अभिप्रायही जुना ठरतो.

शिकागो मिडवे, २००५

शिकागोचे मिडवे विमानतळ शहराच्या दाट वस्तीने चहूबाजूंनी वेढलेले आहे. सुमारे एक चौरस मैलाच्या चौकोनात त्याच्या धावपट्ट्या बसवलेल्या असून कुंपणापलीकडे लगेच वाहता रस्ता लागतो. ८ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी साउथवेस्ट एअरलाइन्सचे उड्डाण १२४८, म्हणजे बोइंग ७३७-७०० जातीचे विमान, बाल्टिमोरहून ९८ प्रवासी आणि ५ कर्मचारी घेऊन येथे आले. बर्फ पडत होता, धुके होते आणि दृश्यमानता अर्ध्या मैलाच्या आसपास होती.

‘३१ सी’ या धावपट्टीची एकूण लांबी ६,५२२ फूट आहे, पण त्या वेळी उतरण्यासाठी त्यातील ५,८२६ फूटच उपलब्ध होती. वारा पाठीमागून, सुमारे ८ नॉटचा होता. विरुद्ध दिशेने उतरले असते तर वारा समोरून मिळाला असता. मात्र त्या दिशेने उतरण्यासाठी लागणारी किमान दृश्यमानता त्या संध्याकाळी नव्हती. ब्रेकविषयीचे अभिप्रायही संमिश्र होते. धावपट्टीच्या पहिल्या अर्ध्या भागात ‘मध्यम’ आणि दुसऱ्या अर्ध्या भागात ‘निकृष्ट’, असे वैमानिकांना कळवले गेले होते.

वैमानिकांनी विमानातील संगणकावर हिशोब केला. ‘मध्यम’ अवस्थेत विमान थांबून काहीशे फूट उरत होते. ‘निकृष्ट’ अवस्थेत उरणारे अंतर पन्नास फुटांहूनही कमी होते, तरीही संगणकाच्या लेखी उतरणे शक्य होते. अभिप्राय संमिश्र असल्यास त्यातील सर्वांत वाईट धरावा, असे कंपनीचे धोरण होते. आणि ‘निकृष्ट’ अवस्थेत पाठीमागचा वारा ५ नॉटपेक्षा अधिक चालणार नव्हता. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मर्यादेनुसार ते उतरणे बसतच नव्हते. परंतु अशा वेळी संगणक प्रत्यक्ष वाऱ्याऐवजी मर्यादेतील ५ नॉट धरून उत्तर देत असे. पडद्यावर दिसणारा आकडा त्या संध्याकाळच्या वाऱ्याचा नव्हताच.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नव्हती. या प्रकारच्या विमानासाठी हिशोब करताना संगणक उलटा रेटा वापरला जाणार असे धरून चालत असे. कंपनीच्या जुन्या प्रकारच्या विमानांसाठी तो तसे धरत नसे. त्यामुळे उलटा रेटा ही हिशोबाबाहेरची जादा शिल्लक आहे, असा वैमानिकांचा समज होता. वस्तुतः ती शिल्लक आधीच खर्ची पडली होती.

विमान सायंकाळी सव्वासातच्या सुमारास टेकले. त्या दिवशी वैमानिक प्रथमच स्वयंचलित ब्रेक वापरत होते; कंपनीने ही पद्धत नुकतीच, सरावाचा अवधी न देता, लागू केली होती. ब्रेक अपेक्षेप्रमाणे लागत नाहीत, याकडे दोघांचे लक्ष लागून राहिले आणि उलटा रेटा सुरू व्हायला टेकल्यापासून सुमारे १५ सेकंद गेले. धावपट्टी संपली तेव्हा विमानाचा वेग ५३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९८ किलोमीटर होता. टेकतानाच्या ऊर्जेचा साधारण सहावा हिस्साच जिरवायचा राहिला होता, आणि तेवढ्याने अनर्थ केला. इंजिनांच्या झोतासाठी उभारलेली भिंत आणि विमानतळाचे कुंपण तोडून विमान सेंट्रल ॲव्हेन्यू या रस्त्यावर गेले आणि एका मोटारीवर आदळले. मोटारीतील सहा वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. विमानातील कोणीही दगावले नाही. १८ जणांना किरकोळ दुखापत झाली.

अहवालाने काय सांगितले

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २००७ मध्ये अहवाल स्वीकारला. उपलब्ध उलटा रेटा वेळेवर न वापरणे हे त्यात मुख्य कारण ठरले. तो टेकताच पूर्ण वापरला असता आणि थांबेपर्यंत टिकवला असता, तर विमान धावपट्टीवरच थांबले असते, असे विश्लेषणातून दिसून आले. स्वयंचलित ब्रेकच्या पहिल्या अनुभवाने वैमानिकांचे लक्ष विचलित झाले, हेही मंडळाने नोंदवले.

अहवाल वैमानिकांपाशी थांबला नाही. उतरण्याच्या अंतराच्या हिशोबाविषयी कंपनीचे मार्गदर्शन व प्रशिक्षण स्पष्ट नव्हते. संगणक आपली गृहीतके दाखवत नव्हता. नव्या ब्रेक-पद्धतीसाठी सरावाचा टप्पा नव्हता. आणि हिशोबात अनिश्चिततेसाठी राखीव अंतर धरलेले नव्हते, ही सर्व सहायक कारणे म्हणून नोंदवली गेली. ‘निकृष्ट’ अभिप्राय आणि ५ नॉटपेक्षा अधिक पाठीमागचा वारा असूनही दुसऱ्या विमानतळाकडे न वळणे हेही त्यांत होते. धावपट्टीच्या टोकाशी विमानाला अडवणारा पट्टा नसल्यामुळे अपघाताची तीव्रता वाढली, असेही मंडळाने म्हटले.

तीन सुधारणा

पहिली सुधारणा राखीव अंतराची. अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने ऑगस्ट २००६ मध्ये कंपन्यांना सूचना दिली की, पोहोचण्याच्या वेळच्या प्रत्यक्ष परिस्थितीनुसार उतरण्याचे अंतर नव्याने काढावे आणि त्यात किमान १५ टक्के वाढ धरावी. ‘बसते’ आणि ‘सुरक्षितपणे बसते’ यांतील फरक अशा रीतीने आकड्यात आला.

दुसरी सुधारणा भाषेची. तज्ज्ञ समितीच्या कामातून धावपट्टीच्या अवस्थेसाठी ६ ते ० असे सांकेतांक ठरले. ६ म्हणजे कोरडी धावपट्टी. ५ म्हणजे ओली, किंवा ३ मिलिमीटरपर्यंत पाणी, स्लश वा बर्फ असलेली. ३ म्हणजे ‘मध्यम’, उदाहरणार्थ ३ मिलिमीटरपेक्षा जाड भुसभुशीत बर्फ. २ म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा खोल स्लश किंवा साचलेले पाणी. १ म्हणजे घट्ट बर्फ. आणि ० म्हणजे ओला बर्फ, ज्यावर विमान उतरवू नये. विमानतळाचे कर्मचारी धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकावर काय साचले आहे, किती खोल आहे आणि किती भाग व्यापला आहे, हे पाहतात आणि प्रत्येक भागाचा सांकेतांक कळवतात. हेच सांकेतांक निर्मात्यांच्या अंतराच्या कोष्टकांशी जोडलेले असल्याने वैमानिकाला अभिप्रायाचा अर्थ लावत बसावे लागत नाही. अमेरिकेत ही पद्धत १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने याच धर्तीवरील जागतिक पद्धत ४ नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आणली.

तिसरी सुधारणा अखेरच्या फुटांची. जेथे धावपट्टीपलीकडे पुरेशी मोकळी जागा नाही, तेथे चुरडल्या जाणाऱ्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा किंवा फेसाळ काचेच्या खड्यांचा अटकाव पट्टा घालतात. चाके त्यात रुततात आणि विमानाचा वेग झपाट्याने उतरतो. अपघातानंतर मिडवेवर असे पट्टे बसवण्यात आले. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर २७ ऑक्टोबर २०१६ रोजी पावसात धावपट्टी ओलांडलेले बोइंग ७३७ विमान अशाच पट्ट्यात थांबले. उपाध्यक्षपदाचे तत्कालीन उमेदवार माइक पेन्स त्या विमानात होते.

एका उपायाची मर्यादा

मिडवेवरून ‘उलटा रेटा जितका अधिक तितका चांगला’ असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे ठरते. ५ मार्च २०१५ रोजी लाग्वार्डियावर हिमवर्षावात उतरलेले डेल्टाचे एमडी-८८ विमान बाजूला घसरून बांधावर चढले आणि त्याचे नाक खाडीच्या पाण्यावर अधांतरी राहिले. या विमानाची इंजिने शेपटीपाशी असतात. उलटा रेटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तेव्हा दिशा सांभाळणाऱ्या सुकाणूभोवतीचा हवेचा प्रवाह बिघडला आणि विमानावरचा ताबा सुटला. कोणी दगावले नाही. परंतु ऐन घाईत, निसरड्या पृष्ठभागावर, नेमक्या मर्यादेत साधन वापरण्याची अपेक्षा किती अवघड आहे, हे त्यातून दिसले. राखीव अंतर आधीच ठेवण्याचे महत्त्व येथेच आहे : ते असेल तर वैमानिकाला कोणतेही एक साधन टोकापर्यंत ताणावे लागत नाही.

पावसाच्या प्रदेशासाठी

भारतात धावपट्टीवरील बर्फाचा प्रश्न मुख्यतः श्रीनगर आणि लेह यांसारख्या विमानतळांपुरता आहे. तरीही सांकेतांकांच्या कोष्टकातील एक ओळ गोवा, कोकण आणि बेळगाव परिसरातील वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. ३ मिलिमीटरपेक्षा खोल साचलेल्या पाण्याला तेथे स्लशचाच, म्हणजे २ हा सांकेतांक मिळतो. वेगातले टायर अशा पाण्यावर अक्षरशः तरंगू लागतात आणि ब्रेक निरुपयोगी होतात. दाबोळी, मोपा किंवा सांबरा येथे बर्फ पडणार नाही. पण जुलैच्या मुसळधार पावसात थांबण्याचा हिशोब याच कोष्टकातून होतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पावसात, पाठीमागून वारा असताना उतरले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले आणि पठाराच्या टोकावरून खाली कोसळून तुटले. विमानातील १९० जणांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला. मिडवेच्या आणि या अपघाताच्या तपशिलांत मोठे अंतर आहे. निसरडा पृष्ठभाग, पाठीमागचा वारा आणि धावपट्टीपलीकडे नसलेली जागा, या तीन गोष्टी मात्र दोन्हीकडे होत्या.

खराब हवामानात विमान उतरण्याऐवजी पुन्हा वर जाते किंवा दुसऱ्या शहराकडे वळते, तेव्हा प्रवाशांची चिडचिड होते. नातेवाईक ताटकळतात, पुढची गाडी चुकते आणि कंपनीला खर्च सोसावा लागतो. मिडवेच्या अहवालात मात्र न घेतलेला हाच निर्णय अपघाताच्या कारणांमध्ये लिहिला गेला आहे.